जिन्याखालचे मांजर घरात येते तेव्हा

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. सात हा आकडा सोडला तर निरीक्षण अचूक आहे. व्यालेल्या मांजरीला जागेजवळ माणसांची वर्दळ किंवा कुत्र्यांचा वावर जाणवला, की ती एकेका पिल्लाला मानगुटीला धरून दुसरीकडे हलवते. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीआड किंवा मीटरच्या खोलीत तीन-चार पिल्ले एकटी दिसली, म्हणजे ती पोरकी झाली असे नव्हे. आई बहुधा खाणे शोधायला गेलेली असते आणि काही तास दुरून पाहिले तर ती परतताना दिसते. दयेपोटी पिल्ले लगेच उचलून आणणारे लोक पुष्कळदा आईचेच दूध तोडतात. मात्र पिल्ले घरात आणायचीच असतील, तर ती किती आठवड्यांची असताना आणतो यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते.

आमच्या इमारतीच्या वाहनतळात एका तिरंगी मांजरीने झाकलेल्या स्कूटरच्या पायठ्यावर तीन पिल्ले घातली होती. त्यांतली दोन पाच आठवड्यांची असताना शेजारच्यांनी घरात घेतली. तिसरे, काळे पिल्लू हाती लागले नाही. ते चार महिन्यांचे झाल्यावर पिंजऱ्यात सापडले आणि आमच्या घरी आले. पहिली दोन आठवड्याभरात मांडीवर झोपू लागली. काळ्याने तीन महिने दिवाणाखाली काढले. रात्री दिवे मालवल्यावर बशीवर दात घासल्याचा आवाज येई, तेवढाच त्याचा पुरावा. आई एक, जागा एक, खाणेही एकच. फरक होता तो माणसाचा हात पहिल्यांदा लागला त्या वयाचा.

अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात नेमके हेच तपासले. तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलेली पिल्ले पुढे माणसाकडे अधिक लवकर येत आणि मांडीवर अधिक वेळ थांबत. सातव्या आठवड्यापासून हाताळलेल्या पिल्लांमध्ये हा परिणाम पुष्कळच कमी दिसला. रोज १५ मिनिटांऐवजी ४० मिनिटे हाताळल्यास फरक आणखी वाढत असे. या व अशा इतर प्रयोगांवरून मांजराच्या माणसाळण्याचा संवेदनशील काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा मानला जातो. या दिवसांत पिल्लाला नव्या गोष्टींचे कुतूहल भीतीपेक्षा जास्त असते. नंतर पारडे फिरते. सातव्या आठवड्यानंतर दार कायमचे बंद होते असे नाही, पण पुढे प्रत्येक पावलाला दिवसांऐवजी आठवडे आणि आठवड्यांऐवजी महिने लागतात. स्वभावात वडिलांचाही वाटा असतो. केंब्रिजमध्ये सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धीट बोक्याची पिल्ले अनोळखी माणसाला आणि अनोळखी वस्तूलाही कमी बुजत होती.

मांजर मुळात पाळीव प्राणी आहे, मग प्रत्येक पिढीला नव्याने माणसाळवावे का लागते, असा प्रश्न साहजिक आहे. घरगुती मांजराचा पूर्वज फेलिस लिबिका हे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतले रानमांजर असल्याचे २००७ च्या जनुकीय अभ्यासाने स्पष्ट केले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले एक मांजर सापडल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले होते. धान्याच्या साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले, हा या सहवासाचा सर्वमान्य अर्थ आहे. गाय किंवा घोडा यांच्यासारखी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याची पैदास क्वचितच केली. जोडीदार ते स्वतःच निवडत राहिले. परिणामी माणसाळण्याची क्षमता त्याच्या रक्तात उतरली, माणसाळलेपण मात्र प्रत्येक पिल्लाला स्वतःच मिळवावे लागते.

म्हणूनच रस्त्यावरच्या मांजरांमध्ये दोन अगदी वेगळे गट पडतात. एक भटके: कधीकाळी घरात वाढलेले, हरवलेले किंवा सोडून दिलेले. दुसरे बुजरे: उघड्यावर जन्मलेले आणि त्या सात आठवड्यांत माणसाचा स्पर्शच न झालेले. पहिले माणसाकडे पाहून म्यांव करते, शेपूट उभी धरून येते, अंग घासते. मोठी मांजरे एकमेकांशी सहसा म्यांव करत नाहीत. हा आवाज मुख्यतः माणसासाठी राखलेला असतो. बुजरे मांजर गप्प राहते, अंग जमिनीला चिकटवून सरकते, दिवसा फारसे दिसत नाही आणि कोंडले गेले तर फिस्कारते किंवा दगडासारखे निश्चल बसते. त्या निश्चलपणाला लोक शांतपणा समजतात, ती चूक हाताला महागात पडते. पिंजऱ्यातले पहिले दोन-तीन दिवस मात्र कोणताही निर्णय देऊ नये, कारण घाबरलेले पाळीव मांजरही तसेच वागते.

माझे मत स्पष्ट आहे: पूर्ण वाढलेले बुजरे मांजर चार भिंतींत कोंडणे हा बहुतेक वेळा त्याच्यावर उपकार नसतो. त्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला मूळ जागी सोडणे अधिक योग्य. मांजरी साधारण चार-पाच महिन्यांची होताच गाभण राहू शकते, गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. तेव्हा एक शस्त्रक्रिया दत्तक घेण्याच्या दहा प्रयत्नांपेक्षा अधिक काम करते. एका कानाचे टोक सरळ कापलेले मांजर दिसले, तर ते काम आधीच झाले आहे असे समजावे.

पिल्लू किंवा भटके मांजर आणायचे ठरले, तर त्याला अख्खे घर एकदम मोकळे करून देऊ नये. एक लहान खोली, एका कोपऱ्यात खाणे-पाणी, दुसऱ्या टोकाला शी-शूसाठी माती भरलेला ट्रे आणि एक पुठ्ठ्याचे खोके एवढे पुरे. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात २०१४ साली १९ मांजरांवर झालेल्या अभ्यासात ज्यांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे कमी झाला होता. लपणे हा त्या प्राण्याचा हट्ट नव्हे, सावरण्याचा मार्ग आहे. खोक्यातून ओढून काढून लाड केले की आठवड्याची मेहनत वाया जाते. खोलीत जमिनीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, नजर रोखू नये. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात माणसाने डोळे हळूहळू मिटून उघडल्यावर मांजरेही तसेच करत आणि अनोळखी माणसाकडेही येण्याची शक्यता वाढत असे. आमच्या काळ्याने दिवाणाखालून पहिल्यांदा असे डोळे मिटले तो एक्याहत्तरावा दिवस होता, आणि मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. ट्रेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे: बाहेरची मांजरे ओळखीच्या मातीत खणतात, म्हणून ट्रेत भरायच्या बाजारच्या तयार दाण्यांमध्ये (लिटरमध्ये) सुरुवातीला थोडी बागेतली माती मिसळावी आणि ती हळूहळू कमी करत जावी.

खाण्याच्या बाबतीत मराठी घरांत एक जुना गैरसमज ठाण मांडून आहे. दूध-पोळी आणि दूधभात यांवर मांजर जगते, असे आपण मानतो. जगतेही, कारण उरलेले ते उंदीर, पाली आणि चिमण्या खाऊन भरून काढते. घरात बंद केल्यावर ती सोय संपते. मांजराच्या शरीराला टॉरिन हे द्रव्य पुरेसे तयार करता येत नाही आणि ते प्राणिज अन्नातूनच मिळते. टॉरिनच्या अभावी दृष्टिपटल खराब होते हे १९७० च्या दशकात कळले, आणि हृदयाचे स्नायू कमजोर होऊन पसरतात हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पायन यांनी दाखवले. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला दुसऱ्या दिवशी जुलाब होतात. शाकाहारी घरात मांजर ठेवायचे, तर निदान मांजरांसाठीच बनवलेले संतुलित तयार खाद्य घरात येऊ द्यावे लागते.

पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याकडे जाणे टाळू नये. जंत, पिसवा आणि कानातील माइट यांवर उपाय सोपे आहेत; खरा धोका पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य रोगाचा, कारण त्याचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न दिलेले पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. घरात आधीचे मांजर असेल, तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे. माणसाला चावा किंवा ओरखडा लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘मांजरच तर चावले’ हे वाक्य रेबीज असलेल्या देशात परवडणारे नाही. गर्भवती स्त्री घरात असली की मांजर बाहेर काढा, असा सल्ला हमखास मिळतो. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाची भीती निराधार नाही, परंतु विष्ठेतून पडणारी त्याची बीजे संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज, आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी साफ केला, तर हा मार्ग बराचसा बंद होतो. न धुतलेली भाजी आणि अर्धकच्चे मांस यांकडे तेवढेच लक्ष हवे. मात्र मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिनयुक्त थेंबही त्याच्यासाठी विषच आहेत.

उरली खिडकी. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. हा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी फुटलेल्या छात्या आणि मोडलेले जबडे यांचाही हिशेब वाचावा. जागीच गेलेली मांजरे त्या आकड्यात नव्हतीच. आपल्याकडच्या गॅलरीत कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडते, म्हणून तेथे बारीक तारेची जाळी हवी. त्याच जाळीआड एक फळी ठोकून दिली, तर पहाटे आणि तिन्हीसांजेला, शिकारीच्या वेळी जागा होणारा हा प्राणी तेथे बसून तासन्‌तास बाहेर पाहत राहतो.

आमचे काळे आता तीन वर्षांचे आहे. पाहुणे आले की ते अजूनही दिवाणाखाली जाते. पाहुणे गेल्यावर बाहेर येऊन ते बसलेली खुर्ची चारही बाजूंनी हुंगते आणि मग तिच्यावर जाऊन झोपते.