ट्रान्झिस्टरची ओळख

ट्रान्झिस्टरची ओळख : ट्रान्झिस्टर म्हणजे विद्युत संकेत वाढविणारा, बहुधा तीन पायांचा (बेस, एमिटर, कलेक्टर) अर्धवाहक घटक. अंगावरचा क्रमांक पुसलेल्या ट्रान्झिस्टरचा प्रकार (एनपीएन की त्याच्या उलट ध्रुवतेचा पीएनपी) व पायांचा क्रम मोजमापाने ठरविणे. तपासणी मंडलातून (सर्किटमधून) काढूनच करतात. समांतर रोधक व डायोड खोटी वाचने देतात.

क्रमांक शाबूत असला तरी त्याने भागतेच असे नाही. जपानी पद्धतीत २एसए, २एसबी हे पीएनपी, तर २एससी, २एसडी हे एनपीएन. छापताना ‘२एस’ गाळतात, म्हणून ‘सी ९४५’ म्हणजे २एससी ९४५. अमेरिकी ‘२एन’ क्रमांकावरून एनपीएन की पीएनपी हे कळत नाही. एकाच टीओ-९२ (एक बाजू चपटी असलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या) आवरणात, चपटी बाजू समोर व पाय खाली धरल्यास, डावीकडून बीसी ५४७ चा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर, २एन ३९०४ चा एमिटर-बेस-कलेक्टर, तर सी ९४५ चा एमिटर-कलेक्टर-बेस असतो. पीएन २२२२ए व पी२एन २२२२ए यांची नावे जुळी, क्रम मात्र उलटा.

बेस शोधणे सोपे. डिजिटल मल्टिमीटर डायोड स्थानावर ठेवून सहाही जोडण्या (तीन जोड्या, प्रत्येक दोन्ही दिशांनी) तपासाव्यात. लाल प्रोब ज्या पायावर असताना उरलेल्या दोन्हींकडे ०·६ ते ०·७ व्होल्ट (जर्मेनियममध्ये ०·२ ते ०·३) दिसतात, तो एनपीएनचा बेस. काळा प्रोब असताना दिसल्यास पीएनपीचा. काट्याच्या बहुतेक मीटरांत ओहम स्थानावर काळा प्रोबच धन असतो. हे विसरल्यास निष्कर्ष उलटा निघतो.

खरा वाद एमिटर व कलेक्टर वेगळे करण्याबाबत आहे. बेस-एमिटर संधीचे (जोडाचे) वाचन बेस-कलेक्टरपेक्षा किंचित जास्त येते, हा सर्वांत प्रचलित निकष. पण फरक काही मिलिव्होल्टचाच असतो आणि संधीचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. नुसत्या बोटाच्या उबेने निकाल फिरतो. मीटरच्या लाभांक (एचएफई, म्हणजे कलेक्टर व बेस प्रवाहांचे गुणोत्तर) खाचेत सुलट जोडणीत शेकड्यांत, उलट्या जोडणीत बहुधा एक-दोन आकडी वाचन येते. हा निकष अधिक भरवशाचा. मात्र म्यूटिंगसाठी (ध्वनी बंद करण्यासाठी) बनविलेल्या काही ट्रान्झिस्टरांत उलटा लाभांकही मोठा असतो. सिलिकॉनसाठी भंजन व्होल्टेज (ज्यावर संधी उलट्या दिशेनेही वाहू लागते तो) पाहणे सर्वांत निर्णायक दिसते : १२ व्होल्ट व १०० किलोओहम रोधकातून संधी उलट्या दिशेने जोडल्यास बेस-एमिटर संधी साधारण ६ ते ९ व्होल्टवर अडते, बेस-कलेक्टरवर जवळजवळ पूर्ण १२ राहतात. रोधक लहान घेतल्यास लाभांक कायमचा घटू शकतो. जुन्या जर्मेनियम प्रकारांना ही रीत लागू पडत नाही.

डार्लिंग्टनमध्ये (एकाच आवरणातील दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडीत) बेस-एमिटर वाचन १·२ व्होल्टच्या आसपास येते. काही मीटर ते दाखवतच नाहीत. जेफेट व मॉसफेट हे क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर; त्यांचे पाय गेट, ड्रेन व सोर्स. जेफेटचा गेटही बेससारखा भासतो, पण ड्रेन व सोर्स यांत दोन्ही दिशांनी सारखाच कमी रोध दिसतो. मॉसफेटमध्ये गेट कोणाकडेच वाहत नाही, ड्रेन-सोर्समध्ये फक्त एकाच दिशेने डायोड असतो. गेट भारित राहिल्यास ड्रेन-सोर्समध्ये शॉर्ट दिसतो. तिन्ही पाय क्षणभर जोडून मग मोजावे.