झेन, धनुष्य, मोटारसायकल आणि तालिकेचा खण

तिरंदाजी, पुष्परचना, मोटारसायकलची निगा, लेखन, मॅकिंतोश संगणक, इंटरनेट, पोकर. या सातही विषयांवर अशी इंग्रजी पुस्तके आहेत, ज्यांच्या नावात ‘झेन’ (जपानमधला एक बौद्ध पंथ) आणि ‘द आर्ट ऑफ’ हे शब्द ओळीने येतात. ठाण्यातल्या एखाद्या वाचनालयात ती सगळी दाखल झाली, तर पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीप्रमाणे त्यांची पांगापांग होईल. तिरंदाजी ७९९.३२ला जाईल, पुष्परचना ७४५.९२ला, लेखन ८०८ला आणि पोकर ७९५.४१२ला. वाचक मात्र देवघेवीच्या खिडकीवर येऊन ‘ते झेनचं पुस्तक’ एवढंच मागतो. त्याला नेमके काय हवे आहे ते ओळखायचे, तर हे नाव कुठून कुठे गेले ते माहीत हवे.

सुरुवात जपानमधल्या सेंदाईची. ओयगेन हेरिगेल हा जर्मन प्राध्यापक १९२४ ते १९२९ या काळात तिथल्या तोहोकु विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होता आणि आवा केन्झो यांच्याकडे तिरंदाजी शिकत होता. त्याचे छोटेखानी जर्मन पुस्तक १९४८ साली निघाले. १९५३ साली ते ‘झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी’ या नावाने इंग्रजीत आले, झेनचे जपानी अभ्यासक डी. टी. सुझुकी यांच्या प्रस्तावनेसह. सुझुकींनी तलवारबाजी, चहाचा विधी, हायकू यांची झेनशी सांगड १९३८ सालीच इंग्रजीतून घातली होती, त्यामुळे वाचकवर्ग तयार होता.

या पायातली मोठी भेग नंतर उघड झाली. जपानी संशोधक शोजी यामादा यांनी २००१ साली दाखवून दिले, की आवा यांनी झेनची रीतसर साधना केलेलीच नव्हती. त्यांचा स्वतःचा वेगळा पंथ होता. पुस्तकातला सर्वात गाजलेला प्रसंग अंधारातल्या नेमबाजीचा. पहिला बाण मध्यावर बसतो आणि दुसरा त्या पहिल्याच बाणाला चिरतो. पण त्या रात्री दुभाषा हजर नव्हता. गुरू काय बोलले, याची साक्ष एकट्या हेरिगेलची. म्हणून हे पुस्तक देताना ‘झेनची ओळख’ म्हणून देऊ नये. एका परक्या शिष्याला आपले शिक्षण कसे उमगले, त्याची ही नोंद आहे आणि तशी ती फार चांगली आहे.

हेरिगेलची पत्नी गुस्टी जपानमध्ये पुष्परचना शिकली. तिच्या जर्मन पुस्तकाचे नाव ‘देर ब्लूमेनवेग’, म्हणजे फुलांचा मार्ग. या नावात झेन नाही. इंग्रजी आवृत्तीला मात्र १९५८ साली ‘झेन इन द आर्ट ऑफ फ्लॉवर अरेंजमेंट’ असे नाव मिळाले. नवऱ्याच्या पुस्तकाचा साचा बायकोच्या पुस्तकावर चढला, आणि हा शब्दसमूह मजकुरापासून सुटा होऊ लागला तो इथेच.

अमेरिकी कथाकार रे ब्रॅडबरीचा ‘झेन इन द आर्ट ऑफ रायटिंग’ हा लेखनावरचा निबंध १९७३ सालचा. हे शीर्षक आपण धक्का देण्यासाठी निवडले, असे तो निबंधातच सांगून टाकतो. त्याच्या डोळ्यांपुढे तिरंदाजीचे पुस्तक होते. मोटारसायकलचे अजून यायचे होते.

ते, म्हणजे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’, आले १९७४ साली. रॉबर्ट पिरसिगने हस्तलिखित खूप फिरवले आणि १२१ प्रकाशकांनी नकार दिला. १९६८ साली मुलाला मागे बसवून केलेला प्रवास हा त्याचा कणा. हे झेनचे प्रमाण विवेचन नव्हे आणि मोटारसायकलबाबतही फारसे तथ्यपूर्ण नाही, असे लेखकाने आरंभीच बजावले आहे. तरीही पुस्तक पोकळ नाही, कारण कामाचा तपशील खरा आहे. मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होते. पिरसिग सुचवतो, की बिअरच्या डब्याची पट्टी कापून आत बसवू. पत्रा मऊ असल्याने घट्ट बसतो आणि गंजत नाही. मित्राला मात्र महागड्या गाडीला डब्याचा तुकडा लावणे अपमान वाटतो. साऱ्या पुस्तकाचा वाद या एका पट्टीत आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते सीटी या चरित्रवर्गात ठेवले. गाडी दुरुस्तीच्या ६२९.२८च्या फळीवर ते गेले, तर वाचक आणि पुस्तक दोघेही फसतात.

पुढची पुस्तके मुख्यतः पिरसिगच्या नावावर बेतलेली: मॅकिंतोश १९८६, इंटरनेट १९९२, पोकर १९९९. ‘इन’ जाऊन ‘अँड’ रूढ झाला आणि झेन त्या कलेच्या आत न राहता शेजारी येऊन बसला. आपल्याकडे नाट्यशास्त्रापासून सूपशास्त्रापर्यंत ‘शास्त्र’ हे उत्तरपद असेच विषय ओलांडत गेले. पण तिथे निदान नियमांची पद्धतशीर मांडणी मिळेल, असा शब्द दिलेला असतो.

आता तालिकेकडे, म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथसूचीकडे. जुन्या ७.५ × १२.५ सेंमी कार्डांच्या खणात, इंग्रजी वर्णक्रमाने ‘झेन अँड’ची कार्डे आधी आणि ‘झेन इन’ची मागे लागतात. म्हणजे मोटारसायकल आणि पोकर शेजारी, तर तिरंदाजी आणि पुष्परचना मागे एकत्र. गंमत अशी, की ही वर्णानुक्रमी विभागणी वंशावळीशी बरीचशी जुळते. आयबीएम कंपनीतले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस शीर्षकातल्या प्रत्येक अर्थपूर्ण शब्दाखाली नोंद करणारी यांत्रिक सूची रूढ केली. त्यात ‘इन’, ‘अँड’, ‘ऑफ’ वगळले जातात आणि नेमका हाच फरक पुसला जातो.

मराठी नोंदींत अडचण वेगळी. ‘कला’ शोधले, की ‘कलेचे’, ‘कलेतील’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे रूप बदलते. ‘कल*’ (ताऱ्याच्या जागी पुढे काहीही) टाकले तर कलम, कलश, कल्पना असा ढीग येतो. ‘कला’ किंवा ‘कले*’, सोबत ‘झेन’, असा शोध घ्यावा. कलेक्टर आणि कलेवर आपोआप गळतात. मोटार आणि मोटर ही दोन्ही रूपे नोंदवावीत. ग्रंथनोंदी संगणकात भरण्याच्या मार्क पद्धतीत शीर्षकाच्या पर्यायी रूपासाठी क्षेत्र २४६ आहे, आणि अनुवादाचे मूळ शीर्षक २४०मध्ये जाते. ते रिकामे राहिले, तर अनुवाद मूळ पुस्तकापासून कायमचा तुटतो. ‘झेन बौद्ध पंथ’ हा विषय हेरिगेलला द्यावा, इंटरनेट आणि पोकरला देऊ नये.

ठाण्याला ही चर्चा परकी नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय इथे १८९३ साली सुरू झाले, आणि त्याच्या संस्थापकांतले वि. ल. भावे हे ‘महाराष्ट्र सारस्वत’ या मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे कर्ते, म्हणजे ग्रंथांचे नाते शोधण्यातच आयुष्य घालवलेले गृहस्थ. अशा वाचनालयात ही पुस्तके पंधरवडाभर एका फळीवर मांडायची असतील, तर वर्गांकाने न लावता मूळ प्रकाशनवर्षाने लावावीत. अनुवादाला मूळ ग्रंथाचेच वर्ष धरावे, नाहीतर हेरिगेल पोकरच्याही मागे जाऊन बसतो. प्रत्येक पुस्तकात कायमच्या जागेचा वर्गांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ती नसेल तर प्रदर्शन उठल्यावर पिरसिग हमखास दुरुस्तीच्या कपाटात जातो.