मधुमेह कायमचा बरा होतो का? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या किंवा सेन्सर घेताना ग्राहक आम्हाला हमखास विचारतात, "ही तपासणी कधी सुटणार?" आम्ही औषध देत नाही, साखर मोजायची साधनं विकतो. पण प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

टाइप २ मध्ये आशेला भक्कम आधार आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात निदानाला सहा वर्षं न झालेल्या रुग्णांना काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींचाच आहार दिला. वर्षभरानंतर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना मागे हटला होता. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी घटली की इन्सुलिनचं काम सुधारतं. मात्र दुसऱ्या वर्षअखेर आकडा ३६ टक्क्यांवर आला. वजन परतलं की साखरही परतते. म्हणून डॉक्टर 'बरा झाला' न म्हणता 'रेमिशन' म्हणतात: औषध बंद करून किमान तीन महिन्यांनीही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही इंजेक्शनं साखर आणि वजन दोन्ही उतरवतात, पण थांबवल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढतं.

टाइप १ ची गोष्ट वेगळी. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टेप्लिझुमॅब हे औषध धोका असलेल्यांमध्ये हा आजार सुरू होणं सरासरी दोनेक वर्षं लांबवतं. त्याहून मोठी बातमी २०२५ची: मूळ पेशींपासून (स्टेम सेल) तयार केलेल्या बीटा पेशींचा पूर्ण डोस १२ जणांना दिला, त्यातल्या १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. हे यश खरंच थक्क करणारं आहे. पण त्या पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात आणि त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तेव्हा 'मुळापासून बरा' अशी हमी देणाऱ्या चूर्ण-काढ्यांवर विसंबून इन्सुलिन बंद करू नका. टाइप १ मध्ये ते जिवावर बेतू शकतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना कडक डाएटही डॉक्टरांना विचारूनच करा, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

रेमिशनमध्ये असाल तर रोज बोट टोचायची गरज बहुधा उरत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर जास्तीच्या पट्ट्या आमच्याकडून घेऊ नका. वर्षातून एकदा तरी एचबीएवनसी आणि डोळ्यांची तपासणी मात्र चुकवू नका.