बिलाचं नवीन मशीन : वापरण्याआधी वाचून घ्या

बाजाराच्या दिवशी एका साबणासाठी रांगेत ताटकळावं लागतं, ही तुमची जुनी तक्रार. पोळ्याच्या तोंडावर तर रांग पार रस्त्यावर जाते. म्हणून आपल्या दारव्ह्याच्या दुकानात दाराजवळ सेल्फ चेकआउट मशीन बसवलं आहे. चार-पाच पॅकबंद वस्तू असतील आणि फोनवर यूपीआय असेल, तर बिल तुम्हीच करा आणि निघा. रोख, उधारीचं खातं, महिन्याचा किराणा सगळं पहिल्यासारखंच गल्ल्यावर. दुकानातला एकही माणूस कमी केलेला नाही.

वस्तूवरच्या काळ्या रेघा लाल उजेडासमोर धरा. आवाज आला की नाव आणि भाव पडद्यावर दिसतो. एकच वस्तू दोनदा लागली तर मशीनजवळच्या आमच्या पोराला हाक मारा, तो एक काढून देईल. तूरडाळ, ज्वारी, गूळ असा सुटा माल आधी काट्यावर मोजून घ्या. तिथे पुडीवर लावलेली चिठ्ठी मशीन वाचतं.

भावाचं मात्र नीट समजून घ्या. त्या रेघांमध्ये किंमत नसते, १३ आकडी नंबर असतो. भाव आमच्या कॉम्प्युटरमधून येतो. कंपनीने एमआरपी वाढवली तरी नंबर बहुतेक वेळा तोच राहतो, त्यामुळे जुन्या पुड्यावर ४८ छापलेले आणि पडद्यावर ५० असं होऊ शकतं. तसं दिसलं तर पैसे देण्याआधी आम्हाला दाखवा. छापील एमआरपीत सगळे कर आलेले असतात. त्यावर रुपयाही जास्त घेता येत नाही.

पडद्यावरचा क्यूआर स्कॅन केला की फोनवर दुकानाचं नाव आणि रक्कम पाहा, मग पिन टाका. मदतीला उभ्या असलेल्या आमच्या पोरालाही पिन सांगू नका. त्याने मागितलाच, तर तडक मालकाकडे या. पैसे कटले पण पावती निघाली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा देऊ नका. आमच्याकडे जमा झाले का, ते गल्ल्यावर लगेच कळतं. अडकले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत; त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई.

मशीन मोबाईल नंबर विचारेल. द्यायचा नसेल तर ‘पुढे’ दाबा, बिल निघतंच.

लाईन गेली तरी मशीन इन्व्हर्टरवर चालतं. नेट गेलं की बंद. तेव्हा सरळ गल्ल्यावर या.