मीठ आधी, आंबट नंतर

डाळी-कडधान्यांइतकं स्वस्त आणि तरी प्रथिनांनी भरलेलं अन्न शोधून सापडणार नाही. कोरड्या कडधान्यात वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. सोयाबीन तर ३५ टक्क्यांच्याही पुढे जातं. पण तक्रारीही ठरलेल्या: शिजत नाही, पोट फुगतं, चव लागत नाही. या तिन्हींवर उपाय घरातच असतो, आणि तो बहुतेक वेळा जिन्नस वाढवण्यात नसून त्यांचा क्रम बदलण्यात असतो.

हरभरा भिजत घातला की तासाभराने नीट पाहा. आधी साल सुरकुततं, कारण पाणी सालात शिरलेलं असतं पण आतली डाळ अजून कोरडीच असते. मग हळूहळू दाणा आतून फुगतो आणि सुरकुत्या मोडतात. भिजलाय का हे ओळखायचं तर दाणा नखाने दुभंगून पाहावा. मधोमध फिकट, टणक ठिपका दिसला तर आणखी दोन-तीन तास द्यावेत. पूर्ण भिजलेल्या दाण्याचं वजन जवळजवळ दुप्पट झालेलं असतं.

शिजणं म्हणजे काय? दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, आणि पेक्टिनचे धागे कॅल्शियम व मॅग्नेशियमने घट्ट बांधलेले असतात. उष्णतेने हे पेक्टिन विरघळलं की पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटांत सहज चेपतो. जड पाण्यात कॅल्शियम जास्त, म्हणून त्यात कडधान्य शिजायला वेळ लागतो. मिठाने कडधान्य कडक होतं हा समज मात्र आता सोडून द्यायला हवा. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि बांधणी सैल करतं. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी टाकून दाणे धुऊन घ्या. साल मऊ होतं आणि दाणे कमी फुटतात.

आंबटाचं उलट आहे. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर यांतल्या आम्लामुळे पेक्टिन टिकून राहतं. ते सुरुवातीलाच घातलं तर दाणा कितीही उकळला तरी टणक राहू शकतो. म्हणून आंबट नेहमी दाणा शिजल्यावरच घालावं. सोड्याने पेक्टिन झपाट्याने सुटतं हे खरं, पण ब-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं. त्यामुळे चिमूटभर पुरे. आणि उष्ण, दमट जागी खूप दिवस पडून राहिलेल्या कडधान्यात आपोआप असे रासायनिक बदल होतात की कॅल्शियम सुटून पेक्टिनला जखडतं. ती गणंग सहजी शिजत नाहीत, दोष आपल्या हाताचा नसतो.

पोट फुगतं ते रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून वायू बनवतात. या शर्करा पाण्यात विरघळतात. भिजवलेलं पाणी फेकून दिलं की त्यांचा काही भाग तिथेच जातो.

राजम्याबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्च्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. किमान पाच तास भिजवून, पाणी टाकून, ताज्या पाण्यात त्याला खळखळून उकळी यायलाच हवी, आणि ती अर्धा तास टिकवावी. उकळी न आणता ८० अंशांच्या आसपास नुसता मंद शिजवला तर विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. प्रेशर कुकर इथे उत्तम, कारण वाफेच्या दाबामुळे त्यातलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. दाबाखाली शिजवण्याचं असं भांडं फ्रेंच संशोधक डेनी पापँ यांनी १६७९ मध्येच करून दाखवलं होतं.

आता लोह. कडधान्यांत ते भरपूर असतं, पण फायटिक आम्ल त्याला धरून ठेवतं आणि शरीराला थोडंच मिळतं. दोन स्वस्त उपाय आहेत. एक, मोड आणणं: अंकुरताना बियाणं स्वतःच फायटेज हे विकर वापरून फायटिक आम्ल मोडू लागतं, शिवाय कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. दुसरा, लिंबू. क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं. पण ते उष्णतेने नासतं, त्यामुळे लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, शक्यतो ताटातच. जेवणाबरोबरचा चहा-कॉफी हे शोषण पुन्हा रोखतो. तासभर थांबलेलं बरं.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन कडधान्यात भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यात नेमकं उलट, म्हणून दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालतं.

चवीचं म्हणाल, तर पाण्यात उकळून कांदा कधीच तांबूस होत नाही. तो खमंग रंग आणि वास देणारी, १९१२ मध्ये लुई कामीय मायार यांनी वर्णन केलेली प्रक्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते आणि उकळतं पाणी १०० अंशांवरच थांबतं. म्हणून कांदा-लसूण आधी थोड्या तेलात सावकाश, पाणी न घालता परतावेत. मग त्यात शिजलेले दाणे आणि सर्वात शेवटी टोमॅटो.

एक गोष्ट मात्र या पातेल्यात कितीही काळजी घेतली तरी येत नाही: ब-१२ जीवनसत्त्व. ते जिवाणू बनवतात, वनस्पती नाही. जेवण पूर्णपणे वनस्पतीजन्य असेल तर त्यासाठी गोळी किंवा ब-१२ मिसळलेले पदार्थ नियमित घ्यावेच लागतात.