फ्लाय फिशिंग

फ्लाय फिशिंग : पिसे, लोकर, रेशीम यांनी गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीने मासे धरण्याची पद्धत. ती मुख्यतः थंड डोंगरी प्रवाहांतील ट्राउट या माशासाठी विकसित झाली. नेहमीच्या गळाला शिशाचे वजन दूर नेते. माशीला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून जाड, वजनदार दोरी फेकतात आणि माशी तिच्यामागून जाते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. इ. स. २०० च्या सुमारास ईलिअन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील अस्ट्रेअस नदीवर तांबडी लोकर व दोन पिसे बांधलेल्या गळाने ठिपकेदार मासे धरले जात, असे लिहिले आहे. हे मासे बहुधा ट्राउटच. त्याआधी, पहिल्या शतकात, मार्शल या कवीच्या एका ओळीत माशीला फसणाऱ्या माशाचा उल्लेख आहे व काही अभ्यासक त्यालाच आद्य पुरावा मानतात. परंतु तेथील ‘माशी’ हा शब्द ‘शेवाळ’ असाही वाचला जातो. शिवाय ज्या माशाबद्दल कवी बोलतो तो समुद्रातील, वनस्पती खाणारा आहे. त्यामुळे ईलिअनचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका प्रबंधात अशा बारा कृत्रिम माश्यांची वर्णने आहेत. तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीने लिहिल्याचे परंपरा सांगते, पण त्याला समकालीन आधार नाही.

भारतातील प्रसार : ट्राउट मूळचा भारतीय नाही. निलगिरीत तो आणण्याचे फ्रान्सिस डे यांचे १८६० च्या दशकातील प्रयत्न फसले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इंद्रधनुषी ट्राउट रुजला. काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउट १९०० च्या सुमारास आला, कुलू खोऱ्यात त्यानंतर काही वर्षांनी.

पुण्यातून सुरुवात : सह्याद्रीत ट्राउट नाही. येथील ओढे पावसावर वाहतात, त्यांना बर्फाचे पाणी नाही. उन्हाळ्यात ते आटतात किंवा तापतात, आणि पाणी सुमारे २०° से. च्या वर गेले की ट्राउटला ताण पडतो. त्यामुळे पुणेकराला हिमाचलातील तीर्थन, बियास किंवा काश्मीरमधील लिद्दर नदी गाठावी लागते. परवाना त्या त्या राज्याच्या किंवा केंद्रशासित प्रदेशाच्या मत्स्यविभागाकडून घ्यावा. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा बंदीकाळ असतो.

फेक मात्र पुण्यातच शिकून जावी. नदीकाठी पोचल्यावर शिकू म्हणणाऱ्याची सुटी झाडात अडकलेली माशी सोडवण्यात जाते. ९ फुटी, ५ क्रमांकाची काठी नवशिक्याला पुरते. क्रमांक दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ५ क्रमांकाला ते सुमारे ९ ग्रॅम असते. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून मोकळ्या मैदानात सराव करावा. काठी मागे नेऊन थांबवायची, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची. हा थांबा न घेतल्याने बहुतेक फेका बिघडतात. प्रत्यक्ष नदीत ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूने जाऊन वरच्या दिशेने फेकावे. त्याचे बरेचसे खाणे पाण्याखालीच होते. बुडणारी माशी जवळ असावीच.

पुण्याच्या नद्यांचा स्वतःचा मासा महसीर आहे. विल्यम साइक्स यांनी दख्खनी महसीराचे वर्णन पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले. वर्णनाचे साल १८३८ किंवा १८४१ असेही आढळते, परंतु १८३९ अधिक ग्राह्य आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची बीजनिर्मिती होते. देहूच्या डोहातील माशांना वारकरी श्रद्धेने जपतात; तेथे गळ टाकू नये. धरणांच्या जलाशयांवर सहसा मच्छीमार संस्थांचा हक्क असतो व त्यांची परवानगी आधी घ्यावी. महसीर लागला तर गळ टोकाशी उलटा काटा नसलेला असावा, हात ओले असावेत आणि मासा पाण्यातच सोडवावा.