'तब्येत झाली की गे तुझी!': सीमाभागातल्या बाळंतिणीचं वजन, एक पार्श्वभूमी

पाच महिन्यांनी बाळंतीण सासरी येते. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मूल कुणीतरी काखेला मारतं आणि तेवढ्यात शेजारची एखादी म्हणते, "तब्येत झाली की गे तुझी!" बेळगाव-खानापूरकडं हे वाक्य न ऐकलेली लेकुरवाळी शोधावी लागेल. म्हणणारी हसते, ऐकणारीही हसते. आपण कौतुक केलं की टोचलं, हे म्हणणारीलाही धड सांगता येत नाही.

सगळा गुंता या 'तब्येत' शब्दात आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त थांबते. शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ प्रकृती. मराठीत त्यानं एकाच वेळी दोन कामं पत्करली. तब्येत बरी नाही म्हणजे आजार. तब्येत सुधारली म्हणजे दहापैकी आठ वेळा वजन वाढलं. स्थळ सांगणारा मध्यस्थ "मुलगी तब्येतीनं बरी आहे" म्हणतो तेव्हा मुलाची आई काय ते समजते. आणि नुसतंच "तब्येत झाली" असेल, तर अर्थ बोलणारीच्या भुवयांवर. शेजारची कन्नड बाई "मैकै तुंबिकोंडाळ" म्हणते, हातपाय अंग भरून आलं, त्यात बहुधा कौतुकच असतं. 'दप्प' म्हणजे जाड, तो मात्र कौतुकानं कुणी म्हणत नाही, आणि कन्नड शाळेत जाणाऱ्या पोरांच्या तोंडून तो आता मराठी घरांतही येऊन बसलाय.

जुने वाक्प्रचार जवळ ठेवून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. माहेरचं पाणी मानवलं. खाल्लेलं अंगी लागलं. खात्यापित्या घरची. सून पार वाळली. या सगळ्यांत वजन बाईच्या अंगावर असलं तरी श्रेय किंवा दोष घराचा आहे. लेक भरली तर माहेरची अब्रू राहिली, सून वाळली तर सासरची गेली. माझ्या आजेसासूबाई एका सुनेबद्दल सांगायच्या, तिला माहेरी पाठवायच्या आधी महिनाभर रोज दूध-तूप चालू केलेलं, कारण "तिच्या आईनं गळ्याची हाडं मोजली असती". तेव्हाही लाज होतीच. पण ती हाडकुळ्या सुनेच्या निमित्तानं सासूच्या वाट्याला यायची. आज जाड सुनेची लाज सुनेच्या एकटीच्या खात्यावर पडते: तूच खातेस, तूच चालत नाहीस. दोष घराकडून बाईकडं कसा सरकला, तेच इथं पाहायचंय. एरवी सगळा ठपका सासवांवर ठेवून मोकळं होण्याची आपली रीत आहे. मला तो हिशेब पुरता पटत नाही.

फार मागं जायचं कारण नाही, पण जाड देहाची निंदा टीव्हीबरोबर आली असं म्हणणाऱ्यांसाठी एवढं नोंदवते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्यायच आहे. आठ निंदित देहांत अतिस्थूल आणि अतिकृश दोन्ही येतात, आणि त्या दोहोंत कृशता बरी, असा कौलही तिथंच दिलाय. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका जर्मन डॉक्टरनं गरोदर बायकांना कमी खायला घालायचा आहार सुचवला. मुडदुसानं ज्यांचं कटीर, म्हणजे कमरेच्या हाडांचा सापळा, अरुंद झालेलं, त्यांचं मूल लहान राहावं म्हणून. पुढं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतले डॉक्टर नऊ महिन्यांत सात ते नऊ किलोंपेक्षा जास्त वजन वाढू द्यायचे नाहीत. रक्तदाब आणि झटके टाळण्याचा तो उपाय समजला जाई. १९७० साली तिथंच हा सल्ला मागं घेतला गेला. आपल्याकडं "पोटुशीनं बेतानं खावं, मूल मोठं झालं तर अडतं" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्या आपल्या अनुभवानं तिथंच पोचल्या होत्या. म्हणजे पोटात मूल असताना हात आखडता आणि मूल बाहेर आलं की डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपाची धार. एकाच बाईला एकाच घरात सहा महिन्यांत दोन उलटे हुकूम.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, हळूहळू गावोगाव अंगणवाडी आली, आणि तिच्याबरोबर काटा. तोवर बाईचं वजन डोळ्यांनी होत असे. त्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत काट्याला भीती होती ती एकाच बाजूची. गरोदर बाई ४५ किलोंच्या खाली, उंची १४५ सेंटिमीटरच्या खाली, की ती जोखमीची. आमच्या भागात अशा बायका शोधाव्या लागत नव्हत्या. निपाणीत तंबाखूच्या वखारीत उभ्यानं काम करणाऱ्या, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या, खानापूरच्या वाड्यांवरून लाकूडफाटा आणणाऱ्या. सातव्या महिन्यात सूप मांडीवर बसेना झालं की ते गुडघ्यांवर टेकवायचं आणि वळणं चालूच ठेवायचं. त्या काळात काट्यावर आकडा वाढला की नर्सबाई "शाब्बास" म्हणायची.

ही काळजी खोटी नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत देशातल्या ३५.५ टक्के बायकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, १८.५ पेक्षा कमी भरला होता, आणि २५ किंवा त्याहून जास्त होता फक्त १२.६ टक्क्यांचा. २०१९-२१ मध्ये चित्र उलटं झालं: कमी वजनाच्या १८.७ टक्के, जास्त वजनाच्या २४. कर्नाटकात तर १७.२ आणि ३०.१. तरी बेळगाव जिल्ह्यावरची अभ्यासकांची नजर बराच काळ बारीक बाईवरच खिळलेली. गेल्या दशकात चार देशांत एकाच वेळी चाललेल्या एका अभ्यासासाठी इथल्या खेड्यांतल्या बायकांना दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पूरक आहार दिला गेला. ज्यांचा बीएमआय २० च्या खाली त्यांना वर आणखी एक पुडी. २०१९ ला निष्कर्ष आले, आधीपासून आहार घेतलेल्यांची बाळं जन्मताना लांबीला सरस निघाली. चांगलं काम. पण त्याच गावात वाढत्या वजनाच्या बायकांशी बोलायला त्या वेळी कुणाकडं शब्दच नव्हते. होता तो आकडा.

आकड्याचा वाद मोठा आहे. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र १८३२ साली एका बेल्जियन गणितज्ञानं काढलं ते लोकसंख्येचा सरासरी माणूस शोधायला. एकेका बाईचं निदान करायला नव्हे, गरोदर बाईचं तर मुळीच नव्हे. जगभर २५ ला जास्त वजन आणि ३० ला लठ्ठपणा अशी रेघ ठरली. २००४ मध्ये आशियाई शरीरांना मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो म्हणून २३ वरच सावध व्हावं, असा विचार पुढं आला. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या एका सहमतीत रेघ सरळ खाली ओढली गेली: २३ ला जास्त वजन, २५ ला लठ्ठ.

हिशेब करून बघा. बाईची उंची १५० सेंटिमीटर धरा, आपल्याकडं तेवढीच असते. ५२ किलोंना ती 'जास्त वजनाची', ५७ ला 'लठ्ठ'. जुन्या रेघेनं लठ्ठ ठरायला तिला साडेसदुसष्ट किलो व्हावं लागलं असतं. सरकारी पाहणी मात्र अजून २५ चीच रेघ वापरते. त्यामुळं बीएमआय २४ असलेली बाई पाहणीत निरोगी आणि दवाखान्यात जास्त वजनाची.

त्यात २००९ लाच अमेरिकेत गरोदरपणातल्या वजनवाढीचा नवा तक्ता निघाला: बारीक बाईनं १२.५ ते १८ किलो वाढवावं, मध्यम बाईनं ११.५ ते १६, जास्त वजनाच्या बाईनं ७ ते ११.५ आणि लठ्ठ बाईनं ५ ते ९. तो तक्ता ३० च्या रेघेवर बेतलेला. आपल्याकडं नाव भारतीय रेघेनं द्यायचं आणि किलो अमेरिकन तक्त्यातून मोजायचे, असं झालं की २६ बीएमआयच्या बाईला ११.५ किलोंऐवजी ९ वर थांबायला सांगितलं जातं. खाली आणलेली रेघ मधुमेह लवकर पकडते, हे खरं. मला वाटतं ती साखर तपासायला वापरावी, नाव ठेवायला नको. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० च्या वर जाते का, हे तर वजन न बघता प्रत्येक गरोदर बाईचं पाहायचं असतं. मग "शुगर निघणारच, अंग बघा की" हे वाक्य कशासाठी?

दिवस राहण्याआधीचा छळ वेगळा, त्यावर थोडक्यात. पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार, हा शब्द गेल्या पंधरा-वीस वर्षांत बेळगावच्या कॉलेजातल्या मुलींनाही पाठ झालाय. तो बारीक मुलींनाही होतो, मूल न होण्यात नवऱ्याकडचं कारणही तितकंच असू शकतं, पण लग्नाला दोन वर्षं झाली की "आधी वजन उतरव" हा सल्ला तपासणीच्या आधीच हातात पडतो.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी होते आणि जोखमीच्या कार्डावर लाल खूण लागते. डॉक्टरांसाठी ती खूण सोयीची. गल्लीत मात्र ती कार्डाच्या बाहेरून दिसते. "हाय रिस्क" हा शब्द आता कन्नड-मराठी दोन्हींत चालतो, आणि पूर्वी ज्यात हाडकुळी बाई यायची त्यातच आता जाडीही येते. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०१७ ला, कर्नाटकात मातृपूर्ण योजना आली: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अंगणवाडीत बसून गरम जेवण, भात-सांबार, भाजी, अंडं, दूध, चिक्की. घरी दिलेला शिधा सगळ्यांच्या ताटात वाटला जातो म्हणून तिथंच जेवायचं. विचार बरोबर होता. डोंगराळ भागात लांबून चालत यायची तक्रार लगेच झाली, ती सगळ्यांनी ऐकली. दुसरी तक्रार कुणी लिहून घेतली नाही: ज्या बाईला घरी "किती खातेस" ऐकावं लागतं, तिनं चारचौघींसमोर सरकारी ताट पुढं ओढायचं कसं? खानापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी पाहिलं. काटा दाराशी, वही आतल्या टेबलावर. मदतनीस दारातून ओरडायची, "अडुसष्ट!" आत जेवायला बसलेल्या सगळ्या वर बघायच्या. अडुसष्टवाली अंडं पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली.

बाळंतपणाचं गणित तर सरळ आहे. बाळ, वार, पाणी मिळून पाच-सहा किलो उतरतात, उरलेलं राहतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, गरोदरपणातल्या ३५० पेक्षा कितीतरी अधिक. डिंकाचा लाडू त्यासाठीच होता, पण तो खाऊन सव्वा महिना शेक-शेगडीत बसलेली बाई पुढं वखारीत, शेतात, विहिरीवर जायची. आता लाडू तेवढेच राहिले, विहीर गेली. पोटाला जुनं लुगडं आवळून बांधायची रीत वारं भरू नये म्हणून होती. आज तोच पट्टा औषधाच्या दुकानात 'पोट आत जाण्यासाठी' विकतात.

२०२० साली जगभरच्या तज्ज्ञांनी वजनावरून हिणवण्याविरुद्ध एक संयुक्त निवेदन काढलं. त्यानंतर मराठीत 'वजन-कलंक' असा शब्द फिरू लागला. मला तो जड वाटतो. कलंक चंद्राला असतो, आपल्याकडं टोमणा असतो. पण दवाखान्यातल्या गोष्टी टोमण्याच्याही पलीकडच्या. रक्तदाबाचा पट्टा जाड दंडाला तोकडा पडला की आकडा खोटाच वर दाखवतो. मोठा पट्टा नसलेल्या ठिकाणी बाईला "बीपी वाढलंय, वजन बघा" ऐकवून रेफर करतात. त्यात दोष दंडाचा ठरतो.

सीमेवर हे सगळं दोनदा होतं. चंदगड, गडहिंग्लजच्या लेकी इकडं सुना होऊन येतात. सासरी कन्नड तायी कार्ड, म्हणजे आईचं तपासणीचं कार्ड, माहेरी मराठी कार्ड. कन्नड न वाचता येणाऱ्या बाईला स्वतःच्या कार्डावर काय लिहिलंय ते आशाताई सांगतील तेवढंच, आणि त्या घाईत असतील तर "तूक कम्मी माडरी", वजन कमी करा, एवढंच. माझी उंची १५५ सेंटिमीटर. तिसऱ्या महिन्यात माहेरच्या दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी वजन भरलं साडेएकोणसाठ. डॉक्टरांनी पेन्सिलीनं २४.८ लिहिलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सासरी जेवून, स्वेटर घालून काट्यावर उभी राहिले. एकसष्ट. कार्डावर २५.४ आणि पुढं कन्नडमध्ये एक शब्द. बाहेर आल्यावर जाऊबाईंना वाचायला दिला, तर त्या म्हणाल्या, "काही नाही गे, तब्येत म्हणून लिहिलंय."